पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानातल्या मुनीमभाऊंनी जुना इलेक्ट्रॉनिक काटा ऑनलाइन विकायला काढला. दहा मिनिटांत गिऱ्हाईक हजर! भाव पाडला नाही, काटा बघायलाही आलं नाही. ‘फौजेत आहे, बदली झालीय. क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’

भाऊंनी फोन ठेवला आणि चहा मागवला.

यूपीआय 2016 साली सुरू झालं, तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला ना पिन, ना स्कॅन. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे ॲपमधून पैसे मागायची सोयही यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. क्यूआरचा सापळा मात्र शिल्लक आहे.

कळमन्यात संत्र्याचा सौदा होतो तेव्हा शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे अडत्या उभा असतो. ऑनलाइन खासगी सौद्यात हा मधला माणूसच नसतो, आणि यूपीआयने गेलेले पैसे ‘माल आला नाही’ म्हणून आपोआप परत येत नाहीत.

म्हणून वस्तू घेणाऱ्याने आगाऊ ‘टोकन’ देऊ नये. वस्तू चालवून बघावी, मग तिथंच पैसे द्यावेत. विकणाऱ्याने स्क्रीनशॉटवर जाऊ नये (तो बनवायला कितीसा वेळ लागतो?), खात्यातली शिल्लक बघूनच वस्तू सोडावी.

फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन लावायचा. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येऊ शकतो.

भाऊंचा काटा शेवटी शेजारच्या गाळ्यात गेला, रोखीने. तुमच्याकडे असा संशयास्पद मेसेज आलाय? नंबर झाकून कमेंटमध्ये टाका.