पाठीवरचं आभाळ

जूनमधला पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्या रात्री पनवेलमध्ये घरोघर एकच लगबग: खिडक्या लावा, दिवे मालवा! पंख फुटलेली वाळवी थव्याने आत घुसते. मग कुणीतरी जाणतं माणूस एकच दिवा चालू ठेवून त्याखाली पाण्याची परात मांडतं. सकाळी परातीत किडे, फरशीवर नुसते पंख. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे दबा धरून बसलेल्या पालीची मात्र रात्रभर चंगळ.

हे किडे दिव्याकडे येतात तरी का? शायरांनी पतंगाला ज्योतीचा आशिक करून टाकलं. चंद्राच्या रोखाने उडणारे कीटक दिव्यालाच चंद्र समजतात, हेही बरीच वर्षं ऐकत आलो. जानेवारी 2024 मध्ये सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली उड्डाणं ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडली आणि हे प्रेमप्रकरण निकालात निघालं. कीटक दिव्यावर झेप घेत नाहीत, ते त्याच्याकडे पाठ करतात! कोट्यवधी वर्षं रात्रीचा उजेड असायचा तो वरचा, आभाळाचा. तिकडे पाठ ठेवली की आपण सुलटे आहोत हे उडताना कळतं. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे झुकते, कीटक कलंडतो, वळतो आणि घिरट्यांत अडकतो. दिवा खाली असेल तर चक्क उताणा होऊन कोसळतो. कण्हेरीवर वाढणारा हिरवा पतंग मात्र या चकव्याला फसला नाही. आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मुबलक, तेव्हा हा गडी तगेल म्हणायचा.

उजेडाची अशीच दुसरी फसगत याच रायगड जिल्ह्यात, दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बाजूला होऊ शकते. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर पडली की क्षितिजाच्या उजळ अंगाला धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ते अंग समुद्राचंच असतं. मागे एखाद्या रिसॉर्टचा झगझगीत दिवा असला की पिल्लं उलटी, जमिनीकडे वळतात.

उपाय फार खर्चिक नाही. दिव्याला वरून टोपी, उजेड फक्त वाटेवर पडेल एवढाच, आणि निळसर पांढऱ्या एलईडीऐवजी पिवळसर. पण नव्या संकुलांची हौस वेगळीच: माडाच्या बुंध्याशी झोतदिवे आणि त्यांची तोंडं थेट आभाळाकडे. उडता किडा उताणा पाडायला याहून नामी सोय मला तरी सुचत नाही.