चीक, विष आणि लाल भुंगेरा

लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या कुळातील बहुतेक जातींच्या अळ्या लाकूड पोखरून वाढतात. कोकणात आंब्याच्या खोडात शिरणारे भिरूड याच कुळातले. उत्तर अमेरिकेतील ‘टेट्राओपीस’ या प्रजातीने मात्र लाकडाचा नाद सोडून, रुईच्या कुळातील मिल्कवीड या चिकाळ वनस्पतीवर सारा संसार मांडला आहे. तांबड्या अंगावर काळे ठिपके असलेल्या या सेंटीमीटरभर कीटकाची शृंगिका, म्हणजे मिशी, डोळ्याच्या ऐन मध्यातून उगवते आणि त्यामुळे प्रत्येक डोळ्याचे दोन तुकडे पडून त्याला चार डोळे असल्याचा भास होतो.

मिल्कवीडचे संरक्षण दुहेरी असून त्यातील चीक आणि विष यांची अनेकदा गल्लत केली जाते. पानाच्या शिरांत दाबाखाली भरलेला चीक जखमेतून उसळतो आणि हवा लागताच घट्ट होऊन कीटकाचे जबडे चिकटवून टाकतो. त्यावर भुंगेऱ्याचा उपाय साधा आहे: पानाच्या टोकाच्या अलीकडे मधली शीर तो कुरतडतो, चीक तेथेच वाहून जाऊ देतो आणि मग कापाच्या पुढचा, चिकाचा पुरवठा तुटलेला भाग खातो. ही युक्ती किती निर्णायक आहे, हे डसर्ड आणि आइसनर या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. त्यांनी शिरा कापून दिलेली पाने एरवी मिल्कवीडला तोंड न लावणाऱ्या कीटकांनीही खाल्ली.

विषाचे, म्हणजे कार्डिनोलाइड या संयुगांचे, प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. पेशीतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणाऱ्या प्रथिनाला, ज्याला सोडियम पंप म्हणतात, ही संयुगे चिकटतात आणि पंप बंद पडला की मज्जापेशींचे व स्नायूंचे काम कोलमडते. या भुंगेऱ्याच्या पंपात १२२ व्या स्थानावरील अ‍ॅस्परॅजिनची जागा हिस्टिडिन या अमिनो आम्लाने घेतल्यामुळे विषाची पकड ढिली पडते. नवलाची गोष्ट अशी, की हाच बदल मोनार्क फुलपाखरात आणि मिल्कवीडवरच्या ढेकूणवर्गीय कीटकांतही स्वतंत्रपणे घडलेला आहे. असा पंप असूनही भुंगेरा शिरा कापतोच, कारण विष पचवता आले तरी चिकटलेले जबडे त्याने सुटत नाहीत.

मादी अंडी घालते ती बहुधा मिल्कवीडशेजारच्या गवताच्या काडीत. तेथून अळी जमिनीत उतरून मिल्कवीडची मुळे पोखरते, तेथेच हिवाळा काढते आणि उन्हाळ्यात प्रौढ भुंगेरा होऊन वर येते.