फळा भिंतीवर राहिला. मुले कुठे गेली?

अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तर भागात अपटाऊन नावाची वस्ती आहे. तेथील स्टुअर्ट ही शंभर वर्षांहून जुनी सरकारी प्राथमिक शाळा २०१३ साली बंद करण्यात आली. इमारत बिल्डरला विकली गेली आणि तेथे भाड्याचे आलिशान फ्लॅट झाले. जेथे गरिबांची मुले अक्षरे गिरवत होती, तेथे आता चांगल्या पगाराचे भाडेकरू राहतात.

अशा घरात राहणे सुखाचे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. जुन्या शाळेचे छत उंच, खिडक्या मोठ्या, भिंती जाड विटांच्या. एका वर्गखोलीत स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि न्हाणीघर असे आटोपशीर घर बसते. रुंद व्हरांडा तसाच राहतो. अनेक ठिकाणी वर्गातला फळाही भिंतीवर राखलेला असतो आणि जाहिरातीत त्याचे कौतुक होते.

हा फळा केवळ मालकाच्या हौसेने टिकतो असे नाही. त्यामागे कायदा आहे. इमारत ऐतिहासिक म्हणून प्रमाणित असेल आणि ती भाड्यासारख्या उत्पन्नासाठी वापरली जाणार असेल, तर अमेरिकेत दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी सवलत मालकाला आयकरात मिळते. अट अशी, की इमारतीचे मूळ स्वरूप जपले पाहिजे. म्हणून व्हरांडे, खिडक्या, वर्गांची ठेवण यांची काळजी घेतली जाते. खिडकीला कायद्याचे संरक्षण आहे. त्या खिडकीपाशी बसणाऱ्या मुलाला काय आहे?

मे २०१३ मध्ये शिकागोच्या शिक्षण मंडळाने एकाच बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. कारणे दिली ती अशी : पट कमी आणि तिजोरीत पैसा नाही. या शाळांतील सुमारे ८८ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. शहरातील सर्व सरकारी शाळा मिळून मात्र कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. याला योगायोग म्हणायचे काय? शाळा बंद होणार असे जाहीर झाले त्याच वर्षी या मुलांचे चाचणीतील गुण घसरले, असे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. संघराज्याच्या घटनेचा आधार घ्यावा, तर शिक्षण हा त्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रॉड्रिग्ज खटल्यात देऊन ठेवला आहे.

इमारत ओस पडण्यापेक्षा घरे झालेली बरी, असे कोणी म्हणेल. तेही खरे आहे. शिकागोतील अनेक शाळा वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहिल्या. अमेरिकेत काही जुन्या शाळांत वृद्धांसाठी परवडणारी घरेही झाली. पण रिकाम्या इमारतीचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न आहे. ती रिकामी कोणी केली, हा पहिला.

तो पहिला प्रश्न विचारणारी माणसे शिकागोतच निघाली. शहराच्या दक्षिण भागातील डायट हायस्कूल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला होता. त्याविरुद्ध २०१५ साली पालक आणि कार्यकर्ते ३४ दिवस उपोषणाला बसले. २०१६ साली ती शाळा पुन्हा सुरू झाली. तेथे फ्लॅट झाले नाहीत, मुले आली.

'पट कमी' हे शब्द आपल्यालाही नवे नाहीत. दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली घेतला होता. पण शिकागोच्या आईबापांना जे मिळाले नाही, ते आपल्या हाती आहे. घटनेचे कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क देते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात परिसरातील शाळेची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात.

ही समिती आपल्या वस्तीत कागदावर आहे की प्रत्यक्षात? तिच्या बैठका होतात काय? शाळेच्या जागेचा सातबारा वा मालमत्तापत्रक कोणाच्या नावावर आहे? शाळेला कुलूप लागल्यावर हे विचारून उपयोग नाही. पुढच्या बैठकीत जा, प्रश्न विचारा आणि ठराव लेखी घ्या.