संगणक रिकामा, तरी प्रोसेसर व्यग्र का?

एकही प्रोग्राम उघडलेला नाही, कळफलकाला कुणाचा हात नाही, तरीही आतला पंखा घरघरतो आणि प्रोसेसर चाळीस-पन्नास टक्के व्यग्र दिसतो. सात-आठ वर्षे जुना डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ‘आता नवाच घ्या’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. मात्र खिशात हात घालण्यापूर्वी प्रोसेसर नेमका कोण वापरत आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘सीपीयू’ या शीर्षकावर क्लिक करताच सर्वाधिक भार टाकणारे नाव यादीत वर येते. ‘डिटेल्स’ विभागात ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’समोर नव्वदच्या पुढचा आकडा दिसल्यास घाबरू नये. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. जितका मोठा, तितके चांगले.

विंडोज १० आणि ११ या प्रणाली फायलींची सूची करणे, व्हायरसची तपासणी, अपडेट अशी कामे आपण काही करत नसतानाच उरकतात. देखभालीची मूळ वेळ रात्री २ वाजताची असते. आपल्याकडे रात्री संगणकच काय, भिंतीवरचे बटणही बंद होते! साहजिकच तुंबलेली कामे दिवसा होतात. माऊस हलवताच भार ओसरत असेल, तर हेच कारण समजावे व संगणक तासभर नुसता चालू ठेवावा.

भार ओसरतच नसेल, तर आकडा काय सांगतो ते पाहावे. हायपर-थ्रेडिंग नसलेल्या दोन कोअरच्या प्रोसेसरवर तो पन्नासच्या आणि चार कोअरच्या प्रोसेसरवर पंचविसाच्या आसपास खिळून राहिला, तर एखादा प्रोग्राम एका कोअरवर अडकून पडला असण्याची शक्यता मोठी. बहुधा ते प्रिंटरसोबत आलेले जुने सॉफ्टवेअर किंवा कुणी तरी आग्रहाने बसवलेला ‘स्पीड बूस्टर’ निघतो. तो काढून टाकावा. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील, तर त्यातील एकाला निरोप द्यावा. ‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या प्रक्रिया मात्र सरसकट बंद करू नयेत. विंडोजच्या अनेक सेवा त्यांच्या आधारे चालतात.

‘सिस्टिम इंटरप्ट्स’चा आकडा एक-दोन टक्क्यांच्या बराच वर असेल, तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा एखाद्या उपकरणात असतो. यूएसबीला जोडलेली उपकरणे एकेक करून काढून पाहावीत. हार्ड डिस्कचाही संशय आल्यास पुढची खटपट करण्याआधी छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. प्रोसेसर बदलता येतो; गेलेली छायाचित्रे परत मिळतीलच असे नाही.

टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होतो आणि बंद केल्यावर पुन्हा घरघरतो, असे वारंवार घडल्यास सावध व्हावे. दुसऱ्याच्या विजेवर आभासी चलन ‘खणणारे’ काही घातक प्रोग्राम टास्क मॅनेजरची चाहूल लागताच दडी मारतात. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या यंत्रांना हा धोका अधिक. अशा वेळी विंडोजमधीलच ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे लपायला फारशी जागा उरत नाही.