मंदीत आधी कोणाची पाळी बंद होते?

ऑगस्ट २०१९मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली, आणि आम्हा नाशिककरांच्या कानावर एक शब्द वारंवार पडू लागला : ‘नो प्रॉडक्शन डे’. महिंद्रा, बॉश अशा कंपन्यांनी उत्पादन-बंद दिवस जाहीर केले होते. आता हा बंद दिवस कोणाला किती महाग पडतो, ते आपण पाहू.

कायम कामगाराला ले-ऑफ दिला, तर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. पण बदली आणि हंगामी कामगार त्यातून वगळलेले. ठेकेदाराच्या पोराला तर ‘उद्या येऊ नको’ एवढा फोन पुरतो. आता ही नोकरी गेली, असं कंपनीच्या कागदावर कुठे दिसणार? तिथे ती नव्हतीच ना!

आणि अंबडमधला दोन सीएनसी मशीनवाला छोटा कारखानदार? ऑर्डर घटली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. २००६चा एमएसएमई कायदा म्हणतो, त्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करा. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? मग तो आधी रात्रपाळी बंद करतो. त्या पाळीतल्या तीन-चार जणांची नावं हजेरीपटावर असतीलच, असं नाही.