विडंबन आणि सात नंबरचा मोदक

मंडळी, मध्यंतरी घरी पु.लं.चा 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' मोठ्याने वाचत होतो. आम्ही हसून हसून डोळे पुसतोय आणि इथे सिंगापुरातच वाढलेले चिरंजीव ढिम्म! दोष त्यांचा नव्हे. वाङ्मयेतिहासकारांचा भारदस्त सूर ज्याने कधी ऐकलाच नाही, त्याला तो सूर भलत्या ठिकाणी लागलेला कसा कळावा? अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'चंही (१९२५) तेच. रविकिरण मंडळ ठाऊक नसेल तर निम्मी गंमत गेली.

सर्व्हान्टिसने १६०५ साली 'डॉन किहोटे'त मात्र नामी युक्ती केली. शूर सरदारांच्या कादंबऱ्या वाचवाचून नायकाचंच डोकं फिरलेलं. साधी सराई त्याला किल्ला वाटते, पवनचक्क्या राक्षस. त्या कादंबऱ्या आज कोण वाचतो? पण मूळ नमुना नायकाच्या डोक्यातच असल्यामुळे आपल्याला वेगळा अभ्यास करावा लागत नाही.

हे सगळं चिरंजीवांना समजावलं. जांभया मिळाल्या.

गणपतीत मात्र फ्रिजवर एक कागद चिकटवलेला दिसला. आम्ही रोज जेवताना ऑफिसातल्या बिघाडांचे जे अहवाल ऐकवतो, हुबेहूब तीच भाषा! म्हणजे कार्टं ऐकत होतं तर. (शुद्धलेखन तेवढं आम्ही सुधारलंय.)

"घटना: मोदक क्र. ७ वाफवताना फुटला. संभाव्य कारण: पारी पातळ. जबाबदार व्यक्ती: अद्याप अनिश्चित, मात्र झाकण बाबांनी तीनदा उघडलं होतं. शिफारस: उरलेले मोदक तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावेत."