खिशातला कांदा आणि कांद्याचे कूळ

बीड जिल्ह्यात पारा चाळिशीपार गेला की शेताकडे निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा असतो आणि त्याने ऊन लागत नाही असा समज आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र न चिरलेला कांदा जवळजवळ निष्क्रिय असतो. त्याच्या पेशीद्रवात आयसोअ‍ॅलिन हे गंधकयुक्त संयुग असते, तर अ‍ॅलिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात कोंडलेले असते. विळीने पेशी फाटल्या की दोन्ही एकत्र येतात, उग्र वास सुटतो आणि आणखी एक विकर डोळ्यांत पाणी आणणारा वायू घडवते. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून देईपर्यंत सारे श्रेय एकट्या अ‍ॅलिनेजला मिळत असे. खिशात यातले काहीच घडत नाही. बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खाल्लेला कांदा थोडेफार पाणी तरी देतो, पण उष्माघात टाळतात ते सावली आणि मीठ-साखरेचे पाणी.

लसणाचेही तसेच आहे. काश्यपसंहितेत त्याला स्वतंत्र लशुनकल्प आहे, आणि ज्या अ‍ॅलिसिनमुळे तो जंतुनाशक ठरतो ते अख्ख्या पाकळीत नसते, ठेचल्यावर तयार होते. न ठेचता फोडणीत टाकलेल्या पाकळीतले विकर उष्णतेने आधीच निकामी होते.

आष्टी तालुक्यातील कडा येथील बाजारात येणाऱ्या कांद्याच्या सालीवर दिसणारी काजळी म्हणजे म्युकरमायकोसिसची बुरशी, ही २०२१ मधली अफवाही निराधार होती. ती अ‍ॅस्परजिलस नायजर ही वेगळीच बुरशी असते. डागाळलेले पापुद्रे काढावेत, सडलेला कांदा टाकावा, एवढे पुरे.

वर्गीकरणाविषयीचा गैरसमज अधिक धोक्याचा आहे. कांदा हे मूळ नव्हे, तर तळाच्या चकतीएवढ्या खोडावर रचलेल्या मांसल पर्णतळांचा कंद होय, आणि पूर्वी लिलीच्या कुळात गणली जाणारी ही वनस्पती २००९ च्या वर्गीकरणानुसार अ‍ॅमॅरिलिडेसी कुळात आहे. नागदवणाही त्याच कुळातला, तरीही त्याच्या कंदातील लायकोरिनने उलट्या होतात; उलट माळरानावरचा रानकांदा, म्हणजे कोळकांदा, दिसतो कांद्यासारखा, पण शतावरीच्या कुळात मोडतो आणि त्यात हृदयावर थेट परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. कुळाने किंवा रूपाने काही ठरत नाही. चुरगळल्यावर कांद्याचा ओळखीचा वास न आलेला कंद खाऊ नये. रानकांदा वैद्यकात खोकल्यावर वापरला गेला तोही अत्यल्प मात्रेतच, कारण औषध आणि विष यांच्या मात्रेतले अंतर त्यात फार थोडे असते.